डावा कान

त्रेचाळिसाव्या वर्षी बाबानं ट्रॉलर सोडला
आणि सप्टेंबरात, बोलुंगारविकमधल्या आमच्या स्वयंपाकघरात
नर्सिंगचं पुस्तक उघडून बसला.
पानं मिटू नयेत म्हणून
वर कॉड सोलायची सुरी आडवी.

बंदरावर सगळे हसले. हसणारच.
ओद्दुर म्हणाला, पांढरा पायजमा शोभेल तुला,
फक्त सुई हार्पूनसारखी फेकू नकोस.
बाबाही हसला, जरा उशिरा,
त्याला अर्धं ऐकू येतं म्हणून
की लागलं म्हणून, कळलं नाही.

अर्ज मी भरला.
'हे क्षेत्र का निवडत आहात?' खाली तीन ओळींची जागा.
लिही, गुडघे गेले.
म्हटलं, हे कारण होत नाही.
मग लिही, पगार वेळेवर होतो.
लिहिलं. खोटं नव्हतं.
केटिलचं नाव त्यानं घेतलं नाही. मीही नाही.

फेब्रुवारी होता.
केटिलचा हात विंचमध्ये गेला कोपरापर्यंत.
हेलिकॉप्टर निघालं, आणि वाऱ्यानं परत फिरवलं.
नऊ तास बाबा त्याचा दंड आवळून बसला
डेकखालच्या अरुंद बाकावर, भिंतीला खेटून,
आणि नऊ तास केटिल बोलत होता.

बाबाच्या डाव्या बाजूला होता तो.
डावा कान तर इंजिनरूमनं केव्हाच खाल्लेला.
जागा बदलायची तर हात सोडावा लागला असता.

म्हणून आलं ते तुकड्यातुकड्यानं:
मेंढ्या. एक हिरवी गाडी, विकायला नको होती ती.
मग बराच वेळ नुसता आवाज, लाटेचा की त्याचा.
शेवटी एक नाव, दोनदा.
बाबानं मान हलवली, समजल्यासारखी.

बंदराचे दिवे दिसायला लागले तेव्हा केटिल गप्प झाला होता.
धक्क्यावर सिगुरलॉइग आली, रात्रपाळीची नर्स.
तिनं आधी बाबाचीच बोटं हातात घेतली,
एकेक उलगडली, घाई न करता,
जाळ्यातून मासा सोडवावा तशी,
आणि मग विचारलं, काय म्हणत होता तो?

हे मला बाबानं सांगितलेलं नाही. तिनं सांगितलं.
म्हणाली, तुझा बाप तोंड उघडायचा
आणि मिटायचा.

औषधांच्या हिशेबात तो दोनदा नापास झाला.
जन्मभर टनांत मोजलेल्या माणसाला
मिलिग्रॅम म्हणजे वजनच वाटत नाही.
वर्गातल्या पोरी माझ्या वयाच्या,
त्याला आजोबा म्हणतात, आणि टिपणं देतात.
मी एकोणीस. मासे गोठवायच्या कारखान्यात,
पुढचं काही ठरत नाही.
ठरवण्यासारखं आहे, पण ते मोठ्यानं म्हटलेलं नाही अजून.

रात्री माझ्या दंडाला पट्टा बांधतो.
फुगवतो, जरा जास्तच,
स्टेथोस्कोपची नळी कानात घालतो.
उजव्या कानाला ठोका सापडला
की भुवया वर जातात त्याच्या,
खोल पाण्यात गळ हलल्यासारख्या.
मी काही बोलायला जाते.
श्श, मोजतोय.
एकशे चौदा, लिहितो. खाली किती, ते विसरतो.
पुन्हा फुगवतो.

मग पट्टा सोडतो.
उठतो, खुर्ची उचलतो, फरशीवर ओरखडा न उमटवता,
टेबलाला वळसा घालतो
आणि माझ्या दुसऱ्या अंगाला येऊन बसतो,
उजवा कान माझ्याकडे.

हं, म्हणतो. काय म्हणत होतीस?